मागच्या सीटचा बोल्ट

निवृत्त झाल्यापासून दिल्लीच्या मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत माझ्याकडे एक काम आपोआप चालत आलं आहे. कुणी नवी गाडी घेतली की ती आधी मला दाखवायची. मी पेढा खाते, चारही दारं उघडून लावते, बॉनेटच्या फटीवरून बोट फिरवते आणि "छान आहे" म्हणते. गाडी जपानी असेल तर मालक माझ्या "छान"ची वाट न बघताच दुसरा पेढा पुढे करतो. मग मी मागच्या सीटच्या पट्ट्यांना एकेक जोरदार हिसका देऊन बघते, तेव्हा मात्र लोकांना ते जरा विचित्र वाटतं. माझा नवरा शिरीष त्यांची समजूत घालतो, "आदत आहे हो तिची, लक्ष देऊ नका."

त्या हिसक्याविषयी मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला "जपानी मोटार कंपनीचा इतिहास आणि लौकिक" असा भारदस्त विषय दिला आहे. मानेसरच्या कारखान्यात क्वालिटी विभागात वीस वर्षं काढल्यावर या विषयावर मी काहीतरी भारदस्त बोलेन, अशी त्यांची अपेक्षा दिसते. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. इतिहासही मला ठाऊक आहे तो आमच्या कँटीनच्या भिंतीवर टांगलेल्या फोटोंपुरताच.

पहिल्या फोटोत एक पत्र्याची शेड आणि तिच्यासमोर एप्रन घातलेला एक किरकोळ माणूस. हे आमचे संस्थापक. मोटारी सुरू करण्याआधी ते वजनकाटे बनवायचे. एकदा म्हणे मासळीबाजाराला विकलेल्या काट्यांपैकी एकाचं पारडं जड निघालं. कोणता काटा कुठे गेला याची नोंद नव्हती. मग हा गृहस्थ सायकलवर गावोगाव फिरला आणि त्याने सगळेच्या सगळे काटे तपासले. नव्याने भरती झालेल्या प्रत्येक तुकडीला ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगायची पद्धत होती. पुण्यात डिप्लोमा करता करता मी संध्याकाळी जपानीचे वर्ग केले होते, त्यामुळे जपानी साहेबांच्या भाषणाचं हिंदी करायचं काम माझ्या गळ्यात पडायचं. किती वेळा केलं असेल देव जाणे. आपल्याकडच्या प्रत्येक मोठ्या माणसाने रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केलेला असतो, त्यातलंच हे, असं मनात म्हणत मी जांभई गिळायची.

बाहेरच्यांना वाटतं, मोटार बनवणं म्हणजे इंजिनं, रोबो आणि ठिणग्या. तेही असतंच. पण कारखान्याच्या एका टोकाला दर मिनिटाला एक तयार गाडी बाहेर पडते, ती मुख्यतः माणसांनी बोल्ट आवळल्यामुळे. बोल्ट हत्याराने आवळायचा, पुरेसा घट्ट झाला की हत्यार 'क्लिक' करतं, मग पेनने बोल्टच्या डोक्यावर पिवळा ठिपका द्यायचा, त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि मोठ्याने "योशी!" म्हणायचं. योशी म्हणजे ठीक. पहिले काही दिवस हरियाणाची दणकट माणसं बोल्टकडे बोट दाखवून ओरडताना लाजायची. नंतर ती सवय अशी भिनते की मी अजूनही झोपायच्या आधी गॅसच्या बटणाकडे बोट दाखवून योशी म्हणते.

हा पिवळा ठिपका म्हणजे आवळणाऱ्याची सहीच. मागच्या सीटचा पट्टा ज्या बोल्टने गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो, तो पुढच्याच मिनिटाला प्लास्टिकच्या झाकणाखाली जातो. त्यानंतर तो कुणाला दिसत नाही, बहुधा गाडी भंगारात जाईपर्यंत. ठिपका आहे म्हणजे बोल्ट घट्ट आहे, यावर सगळ्यांनी विश्वास ठेवायचा.

त्या जागी सतबीर काम करायचा. जींदकडचा, चाळिशीचा, ठेकेदारामार्फत लागलेला. बायको-मुलं गावी, हा मानेसर गावात एका खोलीत. हात इतका सफाईदार की मी नव्या लोकांना त्याचं काम बघायला उभं करायची. एके दिवशी त्याने मला एक युक्ती दाखवली. दर बोल्टनंतर हत्यार ठेवा, पेन उचला, पेन ठेवा, हत्यार उचला, यात वेळ जातो. त्यापेक्षा आधी सगळ्या बोल्टांना ठिपके देऊन टाकायचे आणि मग एका दमात सगळे आवळायचे.

"पाँच सेकंड बचते हैं, मैडम. हर गाड़ी पे."

हे चूक आहे हे मला त्या क्षणी कळलं होतं, ते मी इथे लिहून ठेवते. ठिपका म्हणजे "मी केलं". त्याने तो "मी करणार आहे" करून टाकला होता. पण त्या महिन्यात माझ्या विभागाचा कामगिरीचा तक्ता लाल होता, आमच्यामुळे लाइन अडत होती, आणि सेक्शन हेडच्या जागेसाठी माझं नाव चर्चेत होतं. कारखान्यात त्या खुर्चीवर तोवर एकही बाई बसलेली नव्हती. शिवाय त्याचं हत्यार विजेचं होतं, ते स्वतः बोल्ट मोजायचं आणि एक जरी राहिला तरी लाइन पुढे जाऊ द्यायचं नाही. मी म्हटलं, "अच्छा है. कर लो." लेखी काही नाही, जाता जाता म्हटलं. पाच सेकंद वाचले आणि तक्ता हिरवा झाला.

मग एका सकाळी ते विजेचं हत्यार बिघडलं. दुरुस्त होईपर्यंत दोन-अडीच तास साध्या हातपान्यावर काम चाललं. हातपाना क्लिक करतो, पण मोजत नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या तपासणीत त्या वेळातली एक गाडी नमुना म्हणून सुटी करायला आली. झाकण काढलं तर मागच्या पट्ट्याच्या बोल्टवर गोल, स्वच्छ, पिवळा ठिपका, आणि बोल्ट बोटाने फिरतोय. मधे चहाची घंटा झाली होती. सतबीर अर्ध्यावर थांबला, परत आला, ठिपके बघितले आणि झालं समजून पुढच्या गाडीकडे वळला. असं किती वेळा झालं असेल, हे तोही सांगू शकत नव्हता.

ओगावा-सान नावाचे जपानहून आलेले सल्लागार आमच्याकडे होते. साठीचे, सडपातळ, डब्यात रोज भात आणि लोणचं, हिंदीत फक्त "गरम पानी" येणारे. त्यांनी ती बातमी उभ्याउभ्या ऐकली आणि लाइन थांबवायला सांगितली. फक्त आमची नव्हे, सगळी. हजारो माणसांचा तो कारखाना इतका शांत झाला की छताखाली कबुतरांचे पंख फडफडताना ऐकू येऊ लागले. त्या अडीच तासांत बनलेली प्रत्येक गाडी शोधायची, झाकण काढायचं, बघायचं. काही आवारात होत्या, काही ट्रकवर चढलेल्या, काही दूरच्या शोरूममध्ये. ट्रक हायवेवरून परत फिरवले. मोठ्या पदांवरचे लोक टाय खांद्यावर टाकून गाड्यांच्या मागच्या सीटवर ओणवे झालेले मी बघितले. शंभरच्या वर गाड्या. जपान्यांविषयी पुष्कळ ऐकलं होतं, पण एका बोल्टपायी एवढी मोठी कंपनी जागच्या जागी उभी राहिलेली बघून माझी वाचाच बसली.

आणि नेमकी तिथेच ती बसायला नको होती. कारण सगळा ठपका सतबीरवर आला होता. ठेकेदाराने त्याच दुपारी त्याला घरी बसायला सांगितलं. गेटकडे जाताना तो माझ्यापाशी थांबला.

"आपका नाम नहीं लिया, मैडम. आप टेंशन मत लेना."

घरी शिरीषला सांगितलं. तो केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात आयुष्यभर फायली हलवणारा माणूस.

"कागदावर काही आहे का?" त्याने विचारलं.

"नाही."

"कुणाला ईमेल वगैरे?"

"नाही रे. नुसतं बोलले होते."

"मग बात खतम. स्वतःहून बोलायला जाऊ नकोस. अगं, चौकशी होईल, विचारलं तर सांग."

त्याचा सल्ला मला पटला, आणि पटला याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या गाड्या तपासून झाल्या. आणखी एकही बोल्ट ढिला निघाला नाही. राहिली फक्त एक. शोरूमने मुहूर्तासाठी ती घाईघाईने गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिली होती. पानिपतचे चादरी-कांबळ्यांचे व्यापारी, बत्राजी. अनोळखी नंबर म्हणून ते फोन उचलत नव्हते. विक्री विभागाचे साहेब म्हणाले, मेसेज टाकलाय, शोरूमचा माणूस उद्या जाऊन येईल, तसंही एकच तर गाडी आहे. मी ते ओगावा-सानना जपानीत सांगितलं.

"त्या एका गाडीत किती माणसं बसतात?" त्यांनी मला विचारलं. उत्तर द्यायच्या आत ते हत्यारांची पिशवी घेऊन उठले होते. "नारावादे-सान, चला." नलावडे हे माझं आडनाव त्यांना कधीच जमलं नाही.

दिल्ली ओलांडून पानिपतला पोचेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी त्यांच्याकडे. चार वेळा तरी तोंड उघडून मिटलं असेल.

बत्राजींच्या घरापुढे गाडी उभी होती, नंबरप्लेटला झेंडूचा हार, आणि डिकीत सामान चढत होतं. घरातले सगळे हरिद्वारला निघाले होते. मुलगा स्टिअरिंगवर, सून शेजारी, आणि मागे आजी आणि आठेक वर्षांची नात. नातीने पट्टा लावलेला होता. नव्या गाडीचं कौतुक म्हणून ती तो सारखा ओढून बघत होती. ते बघून मी गाडीतून उतरायच्या आधीच ओरडले, "रुकिए, रुकिए!"

बत्राजी पुढे आले. सत्तरीचे, उंचेपुरे.

"क्या बात हो गई जी?"

"पीछे की सीट का एक बोल्ट देखना है, अंकलजी. दस मिनट लगेंगे."

"नई गाड़ी में बोल्ट?" ते हसले. "अजी जापान वालों की है. हमने तो आँख मीच के ली है."

हे मला ओगावा-सानना सांगावं लागलं. त्यांनी बत्राजींना कमरेतून वाकून नमस्कार केला, मुलीला उतरायला मदत केली, स्वतःचे बूट काढून पायरीशी नीट लावले आणि मोज्यांनी गाडीत शिरले. दुसऱ्याची गाडी म्हणजे दुसऱ्याचं घर. झाकण निघालं. आजीच्या बाजूचा बोल्ट घट्ट होता. नातीच्या बाजूच्या बोल्टवर सुरेख पिवळा ठिपका होता. ओगावा-साननी त्याला नुसती दोन बोटं लावली आणि तो फिरला. फिरत फिरत बाहेर आला.

मी असते तर पाठ वळवून गुपचूप आवळला असता आणि झाकण लावून टाकलं असतं. त्यांनी तो तळहातावर ठेवला, खाली उतरले आणि बत्राजींपुढे हात धरला. गल्लीतली चार माणसंही जमली होती. सगळ्यांना दिसेल असा धरला.

बत्राजींचं हसू मावळलं. त्यांनी आधी नातीकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"ये किसकी गलती है?"

मी भाषांतर केलं. ओगावा-सान पुन्हा वाकले आणि म्हणाले, कंपनीची. तेही मी सांगितलं.

"कंपनी तो कागज़ पे होती है, बेटी," बत्राजी म्हणाले. "बोल्ट तो किसी आदमी ने छोड़ा होगा. कौन है वो?"

सतबीरचं नाव जिभेवर तयार होतं. खोटं तर नव्हतंच ते. ती पोरगी माझ्याकडेच बघत होती.

"मैं हूँ," मी म्हटलं. "कसने वाला कोई और था. गलत तरीका मैंने चलने दिया था. मुझे पता था कि गलत है."

ओगावा-साननी विचारलं, "ते काय म्हणाले? तुम्ही काय म्हणालात?" दुभाष्याला सुटका नसते. चूक कबूल करण्याची आठ-दहा तऱ्हेची नम्र वाक्यं पुण्याच्या वर्गात आमच्याकडून घोकून घेतलेली होती, त्यातलं एकही आठवेना. मी फक्त एवढंच म्हणाले, "त्यांनी विचारलं कोण. मी म्हटलं, मी."

त्यांचा चेहरा हलला नाही. त्यांनी बोल्ट लावला, आवळला, क्लिक झालं, बोट दाखवून योशी म्हणाले, बाकीचे सगळे बोल्ट तपासले आणि मग पेन माझ्या हातात दिलं. मी ठिपका दिला. तो वाकडाच उमटला.

बत्राजी चिडतील, गाडी परत घ्या म्हणतील, याची मी वाट बघत होते. ते शेजाऱ्याकडे वळून म्हणाले, "देख ले भाई. एक बोल्ट के पीछे जापान का आदमी नंगे पैर गाड़ी में घुसा है." पुढे त्याच गल्लीत आमच्या आणखी दोन गाड्या खपल्या, असं शोरूमवाल्याने सांगितलं. कंपनीचा लौकिक वाढवण्यात माझा हा एवढा वाटा आहे, आणि तो मी बरीच वर्षं कुणाला सांगू शकले नाही.

परतताना ओगावा-साननी मुरथलच्या ढाब्यापाशी गाडी थांबवायला लावली. पराठे आले, त्यांवर लोण्याचे गोळे आले, आणि कुणीच हात लावला नाही. त्यांनी विचारलं, "का?" आमच्याकडे कोणत्याही बिघाडाला पाच वेळा "का" विचारायची शिस्त आहे. मशीनच्या बाबतीत ती मी शेकडो वेळा वापरली होती.

"कारण मी हो म्हटलं."

"का?"

"पाच सेकंद वाचत होते."

"का हवे होते?"

"माझा तक्ता लाल होता."

"मग?"

"मला सेक्शन हेड व्हायचं होतं."

पाचवा प्रश्न त्यांनी विचारला नाही. पराठ्यावरचं लोणी वितळताना बघत राहिले. मग म्हणाले, "सतबीर-सान कुठे राहतात?"

या सगळ्याचा हिशेब इथेच सांगून टाकते. मला ताकीदपत्र मिळालं, खुर्ची दुसऱ्याला मिळाली, आणि शिरीष दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. लाइनवर पेनची जागा बदलली. हत्यार त्याच्या खोबणीत परत बसल्याशिवाय पेन सुटणारच नाही, अशी सोय केली. माणसाला दोष द्यायच्या आधी पेन कुठे ठेवलंय ते बघायचं, हे मी तेव्हा खऱ्या अर्थाने शिकले. सतबीर आठवड्याभराने कामावर परतला. पण मी निवृत्त होईपर्यंत तो ठेकेदाराचाच माणूस राहिला, आणि त्याबाबतीत एवढ्या थोर कंपनीने काही केलं नाही, मीही नाही.

त्या दिवशी मानेसर गावात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सतबीरच्या खोलीचं दार उघडंच होतं. तो बनियनवर बसून कणीक मळत होता. दारात ओगावा-सानना बघून ताडकन उठला, पिठाचे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. ओगावा-सान कमरेतून वाकले. बत्राजींपुढे वाकले होते त्याहून खाली, आणि बराच वेळ तसेच राहिले. सतबीर घाबरून माझ्याकडे बघू लागला.

रस्ताभर जुळवलेलं मी बोलायला लागले. "सतबीर, मैंने इनको बता दिया है. वो तरीका मैंने ही..."

"वो छोड़ो, मैडम." त्याने मला मधेच तोडलं, पहिल्यांदाच. "पानीपत वाली मिली?"

लाइनवरच्या मित्रांना तासातासाला फोन करून तो विचारत होता, आता किती राहिल्या, हे मला तेव्हा कळलं.

"मिली."

"ढीला था?"

"था. अब कस दिया है."

"किस तरफ का?"

मी सांगितलं, त्या बाजूला त्यांची नात बसते. सतबीर खाली उंबऱ्यावर बसला.

"दो दिन, मैडम. दो दिन वो बच्ची वैसे ही घूमी." आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून तो रडायला लागला. नोकरीचं काय झालं, हे त्याने विचारलंच नाही.

ओगावा-साननी हळूच विचारलं, तो काय म्हणतोय. मी सांगितलं. त्यांनी क्षणभर ऐकलेलं मनात घोळवलं, मग टोपी काढली आणि ते सतबीरच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. दोघांना एकमेकांच्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता आणि दोघंही समोरच्या रस्त्याकडे बघत होते. उंबऱ्यावर तिसऱ्या माणसाला जागा होती. माझ्याने बसवलं नाही.